पाण्यातली उसंत

सातारा-सांगलीकडे पोराला पोहायला शिकवायची रीत ठरलेली. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा, पुढच्या पिढीत पत्र्याचा डबा, त्याच्याही पुढे ट्रकची ट्यूब. कमरेला दोर, दोराचं टोक चुलत्याच्या मुठीत, आणि थारोळ्यावरून मागून एक ढकल. नाकातोंडात पाणी जातं, पोर हातपाय झाडतं, बोंब ठोकतं आणि चार-आठ दिवसांत विहिरीला फेऱ्या मारायला लागतं. मग कुणीतरी न सांगता डबा सोडून घेतो. पुण्याहून येताना नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ लागतं. तिथून थेट कृष्णाकाठापर्यंत हीच शाळा. तिच्यात वाईट काही नाही. फक्त ती एक गोष्ट गृहीत धरते, की घाबरलेलं शरीर आपण होऊन झटपट काहीतरी करील.

कंपवात झालेल्या माणसाचं हे झटपटपणच गेलेलं असतं. अर्धांगवायूतून उठलेल्याचं अर्धं अंग ऐकतं, अर्धं ऐकत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे पाय दचकले की ताठ होतात. ह्यांना ढकलून भागत नाही. मग पाण्यात उतरवायचं कसं? ह्या प्रश्नाला मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं उत्तर 1949 साली लंडनच्या उत्तर भागात, साउथगेटला, अपंग मुलींच्या एका शाळेत सापडलं. शाळेचं नाव हॅलिविक. उत्तर शोधणारा जेम्स मॅकमिलन डॉक्टर नव्हता; तो इंजिनिअर होता, वाहत्या द्रवांचं गणित जाणणारा, आणि पोहण्याचा शिक्षक. त्याची दहा टप्प्यांची मांडणी आज जगभर फिजिओथेरपीत शिकवतात. उपचार म्हणून तिची चर्चा पुष्कळ होते. मला ती रचना म्हणून वाचावीशी वाटते, कारण तिच्यातला क्रम फार विचाराने लावलेला आहे.

त्याआधी ही रचना ज्या द्रव्यात बांधली आहे त्या पाण्याकडे बघू. पाण्याची तारीफ लोक बहुधा एकाच गुणासाठी करतात: हलकं वाटतं. खरंच आहे ते. बेंबीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर निम्म्याच्या आसपास वजन उरतं. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत उतरलं तर साधारण तिसरा हिस्सा. मानेपर्यंत गेलं तर जेमतेम दहावा. गुडघे झिजलेल्या माणसाला एवढं पुरे. पण मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांत वजनापेक्षा मोठी अडचण वेळेची असते. तोल गेला हे कळायला उशीर, त्यावर काय करायचं हे ठरायला उशीर, ठरलेलं पायापर्यंत पोचायला उशीर. जमिनीवर पडणं सेकंदभरात आटपतं. एवढ्यात त्या तिन्ही उशिरांची बेरीज बसत नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यातून हात नेताना विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. हळू हललं तर पाणी वाट देतं, घाई केली तर अडवतं. छातीभर पाण्यात तोल गेला की पडणं लांबत जातं. कलायला सुरुवात झाल्यापासून हनुवटी पाण्याला टेकेपर्यंत मधे एवढी फट मिळते, की उशिरा निघालेला हुकूमही पोचतो. पाऊल पुढे पडतं, माणूस सावरतो. विलंबित ख्यालात दोन समांच्या मधे गवयाला काही मांडायला जागा मिळते, तशी पाणी शरीराला जागा करून देतं. माझ्या मते ह्या सगळ्या उपचाराचा रस ह्या उसंतीत आहे. हलकेपणा, ऊब, पाण्याचा दाब हे सगळे तिचे साथीदार.

कंपवाताला ज्याच्या नावाने पार्किन्सन्स म्हणतात त्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली लिहिलेल्या छोट्या पुस्तकात सहा जणांची वर्णनं आहेत. त्यातले काही तर त्याला नुसते रस्त्यात दिसलेले. एवढ्या थोडक्या पाहण्यातून त्याने पुढे झुकलेलं धड आणि चालता चालता आपोआप पळत सुटणारी पावलं अचूक टिपली. ती पावलं पळतात कारण धड पुढे गेलेलं असतं आणि पाय त्याला गाठायची खटपट करत असतात. पाण्यात हा पाठलाग संपतो. समोरचं पाणी छातीला अडवून धरतं आणि पायांना मागून येऊन पोचायला सवड देतं. पुण्यात हृषिकेश पवार पार्किन्सन्सच्या मंडळींना नृत्य शिकवतात. तिथे अडकलेल्या पावलाला ठेका सोडवतो. पाण्याचं काम उलट्या बाजूने चालतं, ते ठेकाच सैल करतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

आता मॅकमिलनची मांडणी. पहिला टप्पा पाण्याशी जुळवून घेण्याचा. इथे पोहण्याचं नावही नाही. नियम मात्र पक्के आहेत. उतरणाऱ्याला रुग्ण म्हणायचं नाही, पोहणारा म्हणायचं, आणि हाक नावाने मारायची. एका माणसामागे एक शिक्षक. शिक्षकाने ताठ उभं राहायचं नाही. खांदे पाण्यात जातील इतकं खाली बसायचं, म्हणजे दोघांचे चेहरे एका पातळीवर येतात. आणि भोपळा नाही, डबा नाही, ट्यूब नाही, हवेच्या पिशव्या नाहीत. ह्या शेवटच्या नियमावर आमच्या विहिरीवरची जाणती मंडळी हसतील. पण कारण ऐकण्यासारखं आहे. बांधलेला डबा शरीराला एकाच ठरलेल्या स्थितीत तरंगवतो, म्हणून तोल सांभाळण्याचं काम डबा करतो आणि शरीर काही शिकत नाही. त्यातून ज्याची एक बाजू ताठर आणि दुसरी सैल, त्याचं शरीर पाण्यात एका अंगावर वळायला बघतं. ते वळणं त्याला स्वतःला कळायला हवं. डबा ते लपवतो.

पहिली शिकवण फुंकर मारण्याची. पाणी तोंडाजवळ आलं की फुंकायचं, एवढीच सवय. ह्यात बरंच काही दडलेलं आहे. घाबरलेला माणूस दचकून श्वास आत ओढतो आणि त्याबरोबर पाणीही. फुंकणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जात नाही. फुंकताना मान आपोआप किंचित पुढे येते आणि मागे कोसळणारं धड थांबतं. शिवाय मीटरभर खोलीला साधारण 73 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. तो छातीला सगळीकडून आवळतो, त्यामुळे श्वास सोडणं सोपं जातं आणि घेणं कष्टाचं. म्हणजे श्वासाच्या स्नायूंनाही तालीम मिळते. सत्तरीचे एखादे काका डोळ्यांपुढे आणा, जन्मभर साखर कारखान्यात हिशेब लिहिलेले. आवाज खोल गेलेला, चेहरा हलत नाही, घरचे म्हणतात हल्ली हसतच नाहीत. त्यांच्यापुढे पाण्यावर पिंगपाँगचा चेंडू ठेवलाय. “काका, फुंका. आणखी. तिकडच्या भिंतीपर्यंत न्यायचाय.” पहिल्यांदा ओठांचा चंबूच जमत नाही, चेंडू जागेवर डुलतो. मग तो वीतभर सरकतो. काका त्याच्यामागे एक पाऊल टाकतात, आणि आपण पाऊल टाकलं हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. लक्ष चेंडूवर असतं. चालायला सांगितलं असतं तर पाय तळाला चिकटले असते.

पुढचे चार टप्पे वळण्याचे: बाजूला कलणं आणि परत येणं, मागे पडून परत उठणं, अंगाभोवती गिरकी घेणं आणि ह्या सगळ्यांचं मिश्रण. पहिल्यावर रेंगाळत नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेण्याचाच तो भाग. दुसऱ्यात माणूस पाण्यात खुर्चीवर बसल्यासारखा बसतो, डोकं मागे नेत उताणा होतो, मग हनुवटी छातीकडे आणून, हात पुढे करून पुन्हा बसता होतो. सगळा कारभार डोक्यापासून सुरू होतो. डोकं इंचभर मागे गेलं की पाय वर यायला लागतात. मॅकमिलनमधला इंजिनिअर इथे दिसतो. वजनाचा मध्य खाली खेचतो, पाण्याने वर लोटण्याचा मध्य वर ढकलतो. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसले की शरीर वळतं, आणि रेषेत येईपर्यंत वळत राहतं. जमिनीवर चुकीची शिक्षा पडण्यात मिळते. पाण्यात ती संथपणे वळण्यात मिळते, आणि वळता वळता दुरुस्तही करता येते.

गिरकीवर मात्र थांबायलाच हवं. पार्किन्सन्स असलेल्यांच्या घरी विचारा, दिवसापेक्षा रात्रीची तक्रार मोठी असते: कुशीवर वळता येत नाही. अंथरुणात माणूस ओंडक्यासारखा पडून राहतो, पांघरूण पायात अडकतं, बायकोला नाहीतर मुलाला उठवावं लागतं. दिवसभर सांभाळणाऱ्याची झोप तिथे मोडते. पाण्यात उताणं तरंगताना एक हात पोटावरून पलीकडे नेला, मान त्या बाजूला फिरवली, की खांदा येतो, खांद्यामागून कंबर येते. ज्या क्रमाने कूस बदलायची असते तोच हा क्रम, फक्त गादीचं घर्षण वजा केलेलं. पोहण्याच्या शिकवणीतला हा तुकडा थेट रात्रीच्या खाटेपर्यंत जातो, म्हणून मला तो सगळ्यात घरगुती आणि सगळ्यात गुणी वाटतो.

मिश्र वळणात आणखी एक धीट गोष्ट आहे. इथे पडणं शिकवतात. पुढे तोंडावर पडायला लागलास तर अर्ध्या वाटेत अंग फिरव आणि उताणा हो, म्हणजे तोंड आभाळाकडे राहील. बाकीचे व्यायाम न पडण्यासाठी असतात. इथे पडायची मोकळीक आहे, फक्त कसं पडायचं ते नीट सांगितलेलं आहे.

सहाव्या टप्प्याला मी ह्या रचनेचं वळण म्हणेन. आतापर्यंत भीती बुडण्याची होती. आता तळाशी ठेवलेली रंगीत कडी उचलायला सांगतात. माणूस खाली जायला बघतो आणि पाणी त्याला जाऊ देत नाही. छातीत हवा भरून घेतलेल्या बहुतेक माणसांचं शरीर पाण्यापेक्षा थोडं हलकं भरतं, त्यामुळे वर येण्यापेक्षा खाली राहणं अवघड. हे वाक्य शिक्षकाने सांगून कुणाला पटत नाही. कडी दोनदा हातची निसटली की पटतं.

सातव्यात नुसतं स्थिर तरंगायचं, आणि शिक्षक आजूबाजूचं पाणी ढवळत राहतो. आठवा टप्पा पाहण्यासारखा. पोहणारा उताणा, निश्चल. शिक्षक त्याच्या डोक्यामागे उभा राहून दोन्ही हात त्याच्या खांद्यांखाली नेतो, अंगाला लावत मात्र नाही. मग खांद्यांखालचं पाणी हातांनी घुसळत मागे मागे चालू लागतो. घुसळलेल्या पाण्यात दाब कमी होतो आणि पोहणारा त्या ओढीने मागोमाग येतो. दोघांच्या मधे स्पर्श नाही, दोरी नाही. पहिल्या दिवशी काखेखाली दोन्ही हातांचा आधार होता, मग उघड्या तळव्यांचा, मग बोटांचा, आणि इथे नुसत्या ओढीचा. शिक्षक किती सुंदर रीतीने बाजूला होतो ते ह्या टप्प्यात दिसतं. विहिरीवरचा चुलता डबा गुपचूप सोडतो. इथे आधार सुटताना पोहणाऱ्याला प्रत्येक पायरी माहीत असते. शेवटचे दोन टप्पे, हातांची बारीक वल्ही आणि मग साधं पोहणं, मला त्यापुढे थोडे सपक वाटतात.

सुरुवातीला आलेल्या शिरवळच्या रस्त्यावरचं एक उदाहरण मात्र पोहण्यातच शिगेला पोचलं. शिरवळवरून जाणारा महामार्ग पुढे साताऱ्या-कऱ्हाडवरून सांगली जिल्ह्यातल्या पेठ नाक्याला पोचतो. मुरलीकांत पेटकर त्या पेठचे. सैन्यात भरती झाले, बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचं बळ गेलं. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचार म्हणून. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पार केलं, जागतिक विक्रमासह. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं, आणि 2024 मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला तेव्हा कुठे घरोघरी नाव पोचलं.

ही कथा सगळे जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण तो 37.33 हा आकडा जरा जवळून वाचावा. पन्नास मीटरला एवढा वेळ म्हणजे सेकंदाला एक मीटर आणि चौतीस सेंटिमीटर. धडधाकट माणूस रस्त्याने बऱ्यापैकी चालतो तो साधारण ह्याच वेगाने. आणि पोहण्यात पाय मारणं बंद झालं की नुसता जोर कमी होतो असं नाही. पाय खाली लोंबतात, कंबर बुडते आणि शरीर पाण्याला आडवं येतं. हा सगळा भार दोन खांद्यांनी ओढत पेटकरांनी पाण्यात चालण्याचा वेग गाठला. पडद्यावर हे दिसत नाही. तिथे हात आपटल्याचा आवाज आणि संगीत असतं.

आता रचनेतल्या उण्या जागा. पहिली गोष्ट पुराव्याची. अर्धांगवायूनंतरच्या पाण्यातल्या व्यायामांवर 2011 साली कोक्रेन ह्या संस्थेचा आढावा निघाला, त्यात निकषांना उतरलेल्या चाचण्या चार आणि त्यातली माणसं मिळून 94. ठाम काही म्हणता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला. पार्किन्सन्सबाबत तोल सुधारल्याचे निकाल आहेत, पण तेही छोट्या गटांवरचे. आणि आजाराची वाटचाल पाण्याने थांबते असं कोणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय. ज्या उसंतीचं मी कौतुक केलं तिचीच दुसरी बाजू अशी, की जमीन ती देत नाही. पाण्यात जमलेलं बाहेर आपोआप जमत नाही, जमिनीवरची तालीम वेगळी करावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पार्किन्सन्ससाठी मेंदूत तारा बसवून विजेचे स्पंद देतात, ती शस्त्रक्रिया आता आपल्याकडेही होते. 2019 साली झुरिकच्या डॉक्टरांनी अशा नऊ जणांची हकिगत छापली. सगळे आधी चांगले पोहणारे. शस्त्रक्रियेनंतर चालणं सुधारलं, थरथर कमी झाली, आणि पाण्यात उतरल्यावर हातपाय एकमेकांशी जुळेनात. त्यातल्या तिघांनी यंत्र बंद करून पाहिलं तर पोहणं लगेच परत आलं. म्हणून लहानपणी नीरेत सूर मारलेत, वीर धरणाच्या फुगवट्यात अंतर कापलंय, ह्या भरवशावर कोणाला नदीत, विहिरीत किंवा कालव्यात उतरवू नये. तिथे उसंत नसते; थंड पाणी, न लागणारा तळ आणि शेवाळलेला काठ असतो. उपचाराचा हौद छातीभर खोलीचा, कठडे असलेला, आणि पाणी 33-34 अंश सेल्सिअसच्या आसपास, ना थंड ना कढत. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर वातासाठी आंघोळी करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे, पण त्या कढत पाण्यात व्यायाम करायचा नसतो. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये तर कोमटही जड जातं. अंग तापलं की नजर आणि ताकद तात्पुरती खालावते; श्रमानंतर नजर अशी मंदावते हे जर्मन डॉक्टर उटहोफने 1890 सालीच नोंदवलं होतं. अशांसाठी पाणी चार-पाच अंशांनी गार ठेवतात.

आणि तिसरी. मॅकमिलनची मांडणी पोहण्यापाशी संपते. मुलींच्या शाळेसाठी ते ठीक होतं. त्यांना पोहायचं होतं. आमच्या हिशेबनीस काकांना मात्र हौदातून बाहेर पडून पायऱ्या चढायच्या आहेत, कपडे बदलायचे आहेत आणि एसटीने घरी जायचं आहे. पायऱ्या चढताना छातीवरचं पाणी कमरेवर येतं, कमरेवरचं गुडघ्यांवर, आणि अर्ध्या तासात विसरलेलं वजन चार पायऱ्यांत परत अंगावर येतं. पाण्याच्या दाबाने छातीकडे सरकलेलं रक्त त्याच वेळी पायांकडे उतरतं. कंपवातात रक्तदाब तसाही उभं राहताना घसरतो, औषधांनी आणखी; डोळ्यांपुढे अंधारी येते ती ह्याच जागी. म्हणून दोन्ही बाजूंना कठडा हवा, प्रत्येक पायरीवर थांबायला हवं, वर प्लास्टिकची खुर्ची तयार हवी, रक्तदाब मोजायला हवा, तहान नसली तरी पाणी प्यायला द्यायला हवं आणि ओल्या फरशीवर अनवाणी सोडता कामा नये. पाण्यात वळण्याचे चार प्रकार इतक्या प्रेमाने बांधणाऱ्या माणसाने बाहेर येण्याला एक टप्पा द्यायला हवा होता. चांगले फिजिओथेरपिस्ट तो अकरावा टप्पा स्वतःच जोडतात, आणि तिथे काकांचा हात पुन्हा घट्ट धरतात.